सुलटं करायचं राहिलं

३ तारीख, सोमवार

हात थरथरतो म्हणून चित्रं काढणं सोडलं नव्हतं, आधीच सांगून ठेवते. डोळ्यांमुळेही नाही. मोतीबिंदू काढून दोन वर्षं झाली, सुईत दोरा मी अजून पहिल्या झटक्यात ओवते. नवऱ्याचं आजारपण नऊ वर्षं चाललं. एक हात त्याच्या उशीखाली आणि एक गॅसवर. चित्रं काय पायाने काढणार होते?

तर आज थोरलीकडे राहायला आले. थोरली म्हणजे माझी मोठी मुलगी. घर तिसऱ्या मजल्यावर, उजेड भरपूर, मला स्वतंत्र खोली. पलंग, कपाट, खिडकीजवळ टेबल. आणि टेबलावर नवा संसार मांडून ठेवलाय जावयाने: चित्रं काढायची स्क्रीनवाली पाटी. त्याच्या ऑफिसात जुनं सामान काढून टाकत होते, त्यातली उचलून आणली. पेन फिरवलं की स्क्रीनवर रेघ उमटते. म्हणाला, आई, आता कारणं सांगू नका. मी म्हटलं, कारणं सांगायला मला वेळ कुठे होता इतकी वर्षं?

नात सात वर्षांची, दुसरीत. तिला सगळे मुंगी म्हणतात, कारण साखरेचा डबा कुठेही लपवा, ही तिथे पोचलेलीच. समोरचा एक दात पडलाय, डाव्या डोळ्याखाली तीळ. मला बघून म्हणाली, आजी, तू किती दिवस राहणार? मी म्हटलं, तू कंटाळेपर्यंत. म्हणाली, मग खूप दिवस.

ही वहीही तिनेच दिली. रोज लिहायचं म्हणे, त्यांच्या बाईंनी सांगितलंय. सातवी शिकलेल्या बाईने काय लिहायचं? पण बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

५ तारीख, बुधवार

पहिलं चित्र म्हणजे कपबशी. कपाचा झाला माठ. नऊ वर्षांनी हात गंजतो, त्यात रडण्यासारखं काही नाही. पेन फार दाबत होते, रेघ जाड येत होती. दुपारपर्यंत आलं लक्षात.

बाकी सगळं आठवतंय. एकावर एक लेयर घ्यायचे, पारदर्शक कागदांसारखे. खालच्यावर ढोबळ, वरच्यावर नीट. आणि सगळ्यात कामाचं ते उलटायचं बटण. दाबलं की अख्खं चित्र आरशात दिसतं तसं उलटतं, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. आपली चूक आपल्याला दिसत नाही, डोळा सरावलेला असतो. उलटलं की वाकडं नाक लगेच वाकडं दिसतं. मग परत बटण दाबायचं, सुलटं करायचं आणि दुरुस्ती करायची.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. एकतीस वर्षं फोटो स्टुडिओत टचिंग केलंय मी. निगेटिव्हवर बारीक ब्रशने डाग झाकायचे, पुढे तेच कॉम्प्युटरवर. कधी निगेटिव्ह उलटी पडायची आणि फोटो उलटा छापला जायचा. गिऱ्हाईक तोच फोटो उचलून म्हणायचं, हा छान आलाय! माणूस स्वतःला आरशातच ओळखतो ना. मालक हसून द्यायचे. मला नाही चालायचं. उलटा माणूस म्हणजे तो माणूस नव्हे.

७ तारीख, शुक्रवार

आज जमलं. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंचं मांजर दुपारी माझ्या खुर्चीतल्या उशीवर येऊन पसरतं. जाडं, पिवळं, डाव्या कानाला खाच. कुठल्यातरी मारामारीतली असणार. तास-दीड तास हललं नाही. मिश्यांपर्यंत काढलं. उशीचं एका कोपऱ्यातलं बटणही काढलं.

उलटून बघत होते, तेवढ्यात दारावर कुणीतरी आलं, चित्र तसंच सेव्ह करून उठले. सुलटं करायचं राहिलं. काही बिघडत नाही, उद्या करीन.

८ तारीख, शनिवार

मांजराची खाच उजव्या कानाला आहे.

मला बाजू चुकत नाहीत. एकतीस वर्षं माझं पोट बाजूंवर चाललं. पण उशीचं बटणही पलीकडच्या कोपऱ्यात. उशी फिरवली असेल कुणी. मांजराचा कान कोण फिरवणार?

शिवणकामवाल्या बाईंना विचारलं. त्या मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या, मावशी, मला त्याचं शेपूट कुठल्या बाजूला असतं तेही सांगता यायचं नाही, एवढी घाई आहे.

वय झालं म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

९ तारीख, रविवार

मुंगीला बसवलं. बसायची नाही वाटलं होतं, पण बसली. बिस्किटाच्या पुड्यावर सौदा झाला. निळा फ्रॉक, डाव्या बाजूला खिसा. गाल काढताना मजा आली, असे भरलेले गाल काढायला मिळत नाहीत हल्ली. दाताची फट काढली तर म्हणाली, ती नको काढूस, नवीन येणार आहे. मी म्हटलं, येईल तेव्हा भरू.

नऊ वर्षांत असं काही केलं नव्हतं मी. कुणाचं दुखणं नाही, कुणाचं औषध नाही, नुसतं एका पोरीकडे बघत बसायचं.

थोरली जेवायला हाका मारत होती. तिसऱ्या हाकेला तिचा आवाज चढतो. उलटून एकदा नजर टाकली, सेव्ह केलं, बंद केलं.

जेवताना मुंगीने चमचा डाव्या हातात धरला होता. मी हसले. पोरांना खेळ सुचतात.

१० तारीख, सोमवार

तीळ उजव्या डोळ्याखाली आहे.

सकाळी वेणी घालताना दिसला. हात थांबला माझा. भांगही दुसरीकडे. खुर्चीवरच्या निळ्या फ्रॉकचा खिसा उजव्या बाजूला.

जावयाला सांगितलं. तो हसला. म्हणाला, आई, तुमची उजवी की तिची? मोबाइल उघडून फोटो दाखवायला लागला. स्वतःच स्वतःचा काढलेल्या फोटोत मोबाइल माणसाला उलटं दाखवतो. निम्म्या फोटोंत तीळ इकडे, निम्म्यांत तिकडे. म्हणाला, बघा, दोन्हीकडे आहे!

मग मी थोरलीला हॉलमधला शाळेचा फोटो दाखवला. त्यात डावीकडेच. तर ती म्हणाली, आई, छापणाऱ्याने उलटा छापला असेल. तूच नाही का सांगायचीस स्टुडिओतल्या गोष्टी? आणि पर्स घेऊन निघून गेली.

माझ्याच गोष्टीने माझं तोंड बंद.

१२ तारीख, बुधवार

मुंगी साखर खात नाही. चमचाभर तोंडात घातली आणि थुंकली. म्हणाली, ही गोड नाहीये. मी चाखली. गोडच आहे.

लिंबू कापत होते. ती नाक पुढे करून म्हणाली, संत्र्याचा वास येतोय. दोनदा विचारलं, दोनदा संत्रंच म्हणाली.

आणि दारं. घरातल्या घरात दाराला धडकते. कडी नको त्या बाजूला शोधते. कपाळाला टेंगूळ आलंय. डाव्या हाताने लिहिते, आणि लिहिलेलं आरशात धरलं तरच वाचता येतं. शाळेच्या बाईंनी वहीत लाल शेरा मारला, पालकांनी भेटावं.

संध्याकाळी माझ्या कुशीत आली आणि हळूच म्हणाली, आजी, मला घरी जायचंय.

मी म्हटलं, अगं, हे घरच आहे.

ती बघत राहिली.

१४ तारीख, शुक्रवार

मांजर वाळलंय. पाठीचा कणा हाताला लागतो. शिवणकामवाल्या बाई रडकुंडीला आल्यात. सांगत होत्या, दिवसातून पाच वेळा वाटी चाटून साफ करतं हो मावशी, आणि अंगाला काही लागत नाही.

वर आले. मुंगी जेवत होती. तिसऱ्यांदा वाढून घेतलेलं. दोन अंडी, दूध, परत दूध. थोरली कौतुकाने बघत होती, पोरगी खायला लागली म्हणून.

मी मनगट धरून बघितलं. माझी दोन बोटं पुरून उरली. रविवारी पुरत नव्हती. मीच काढलंय ते मनगट, मला माहीत आहे केवढं होतं.



१६ तारीख, रविवार

मांजर गेलं. वाटीजवळच, तोंड वाटीत. पोट भरलेलं आणि अंगावर नुसती कातडी.

नऊ दिवस लागले.

मुंगीला आज सात झाले. माणसाचं पोर आहे, मांजराहून मोठं आहे, जास्त दिवस काढेल. मला मोजायचे नाहीत. तरी मोजतेय.

१७ तारीख, सोमवार

पाटी उघडली. आठ दिवस हात लावला नव्हता.

मांजराच्या चित्रात उशी तेवढी आहे. मांजर नाही. मी पुसलेलं नाही.

मुंगीचं चित्र. हे चित्र मी नाही काढलं. फ्रॉक माझा, रेघा माझ्या. पण गाल बसलेत. गळ्याची हाडं वर आलीत. डोळे खोल, आणि ते माझ्याकडे बघतायत, मी खिडकीकडे बघणारे काढले होते.

बटण दाबलं, सुलटं केलं, सेव्ह केलं. धावत जाऊन मुंगीला बघितलं. तीळ उजवीकडेच. परत आले, चित्र परत उलटं झालेलं.

आता कळलं. उशिरा कळलं. आपली मुंगी तिकडे आहे, चित्राच्या पलीकडे, जिथे सगळं उलटं आहे. ही तिकडची आहे. चित्र उलटं असताना सेव्ह केलं, तेव्हा समोर जे होतं त्याची अदलाबदल झाली. तिकडचं अन्न तिला लागत नाही, इकडचं हिला लागत नाही. दोघी भरल्या ताटावर उपाशी मरतायत.

माझ्या घाईने. जेवायला हाक मारली म्हणून.

१८ तारीख, मंगळवार

डॉक्टरकडे नेलं. छातीवर नळी ठेवली, सरकवली, परत सरकवली. मग उजवीकडे ठेवून म्हणाले, हृदय उजव्या बाजूला आहे हिचं. काहींचं जन्मापासून असतं, आधी का नाही सांगितलंत?

जावई म्हणाला, आधी नव्हतं. डॉक्टर हसले, म्हणाले, ते काय चालत जातं होय?

थोरली हसली नाही. ती वळून माझ्याकडे बघायला लागली.

घरी येऊन तिला सगळं सांगितलं. मांजर दाखवलं, म्हणजे नसलेलं. मुंगीचं चित्र दाखवलं. ती किंचाळली आणि पाटी आपटायला निघाली. मी तिचे हात धरले. म्हटलं, फोडलीस तर दोघी गेल्या. आधी मला अदलाबदल करू दे. सेव्ह झालं की त्या क्षणी हातोडी घाल, परत काही उलटायला नको. मी काही बोलले तरी ऐकू नकोस, थांबायचं नाही. तिने विचारलं, नक्की? मी म्हटलं, मला दोनदा विचारायचं नाही.

जावयाने डोकं धरलं. तो म्हणतो आपण सगळे वेडे झालोय, उद्या हॉस्पिटलात भरती करतो. परवापर्यंत थांब म्हणून थोरलीने त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले.

१९ तारीख, बुधवार

नाही जमलं.

ती बसू शकत नाही. पलंगावर उशा लावून टेकवलं, घसरते. माझा डावा हात धरून ठेवलाय, सोडतच नाही. मी तो हात चित्रात न घेता तिला एकटीला काढली. उलटलं. सेव्ह केलं.

काही झालं नाही.

समोर असेल ते सगळं आलं पाहिजे चित्रात. उशीचं बटण काढलं तर तेही गेलं होतं. खिसा काढला तर खिसा गेला. टचिंगचं काम नाही हे, नको ते झाकून चालायचं नाही.

आज म्हणाली, माझी आजी पण काढतेय. तिकडे. ती पण रडतेय.

मी म्हटलं, तुझी आजी रडत नसेल. ती कामाला लागली असेल.

म्हणाली, दोन्ही करतेय.

किती बारीक आवाज. हिला काय म्हणू मी? हीही मुंगीच आहे. हिचंही घर आहे कुठेतरी, तिथे साखर गोड आहे.

२० तारीख, गुरुवार, सकाळ

डॉक्टर येऊन गेले. सलाईन लावू म्हणतात. तेही लागणार नाही हिला, मला माहीत आहे.

आज हातही चित्रात काढणार. तिच्या हातातला माझा हात. हातच जाईल ना, जाऊ दे. डावा आहे. उलटा हात घेऊन जगेन मी, त्याचं काय एवढं.

ती तिकडची माझ्यासारखीच असेल तर तिनेही हेच ठरवलं असेल. याच वेळी. तीही याच घाईत.

थोरली हातोडी घेऊन दारात उभी आहे. मी लिहितेय म्हणून चिडलीय. लिहिल्याशिवाय हात स्थिर होत नव्हता. वही मांडीवरच ठेवते.

चला.

२० तारीख

किती वाजले सांगता येत नाही. घड्याळ बघितलं तर—

क्रमाने लिहिते.

चित्र झालं. चांगलं झालं. हात, बोटं, तिची नखं, सगळं. उलटलं. डोळे मिटले. सेव्ह.

डोळे उघडले आणि तिचा तीळ बघितला. उजव्या डोळ्याखालीच.

मी ओरडले, फसलं, थांब— पण मीच सांगून ठेवलं होतं थांबायचं नाही. हातोडी पडली. दोनदा, तीनदा. काचेचा भुगा.

थोरली डाव्या हाताने मारत होती.

माझी थोरली उजव्या हाताची आहे.

खिडकी उजवीकडे होती, ती डावीकडे. दाराची कडी पलीकडे. घड्याळाचे काटे उलटे फिरतायत, आकडे आरशातले.

माझा हात गेला नाही. हातामागून मी सगळी आले. वहीसकट.

पोरगी उठून बसली आणि म्हणाली, आजी, आपण घरी आलो.

२१ तारीख

ती खातेय. साखर खाल्ली चार चमचे आणि हसली. गोड आहे म्हणाली.

मी चाखली. माती.

म्हणजे तिकडे माझी मुंगीही आत्ता खात असेल. तिची बोटं त्या दुसऱ्या आजीच्या हातात असतील. ती दुसरी तिकडे बसून असंच बघत असेल. तिलाही माती लागत असेल.

दोन्ही पोरी वाचल्या. हे दोनदा लिहिते. दोन्ही पोरी वाचल्या.

माझी मुंगी मला परत दिसायची नाही. पाटी फुटली. इकडचीही, तिकडचीही. माझ्याच सांगण्यावरून.

२४ तारीख

दाराला धडकले. दोनदा.

लिंबाला संत्र्याचा— जाऊ दे.

जावई म्हणतो, आई, खाताय तर एवढं, मग बांगडी कोपरापर्यंत कशी सरकते? चांगला आहे हाही.

मुंगीचा आवाज मोठा झालाय. जिन्यावरून धावते. मी मोजते पायऱ्या. तिच्या.

२६ तारीख

पेन धरवत नाही. मांजराला नऊ दिवस. मला आज सहा.

थोरलीने आरसा आणून समोर धरला, बघ म्हणाली, काय अवस्था केलीस. आरशात सगळं सुलटं दिसलं. खोली, खिडकी. माझी खोली. मी बघत राहिले तर तिने काढून घेतला—

तिच्या मागे मुंगी होती त्यात. तीळ डावीकडे. तेवढ्यापुरती ती मला माझी—

नाही.

२७ तारीख

थोरली पायाशी बसलीय. आई आई करतेय. ही माझी लेक नाही, पण रडते अगदी तशीच, नाक पुसत नाही, तसंच. तिची पोर परत आली म्हणून तिने मला देवासारखं जपलंय पाच-सात दिवस. तिची आई कुठे गेली ते तिला माहीत नाही. आणि तिकडे माझीलाही माहीत नसणार. ती दुसरी सांगणार नाही. मी ओळखते तिला.

परत विचारतेय. आई, तुला होतंय तरी काय, खरं काय ते बोल, शपथ आहे.

वही उशीखाली ठेवते. उलटी अक्षरं आहेत तिला, वाचायची नाही ती. तिला एवढंच सांगणार—

काही होत नाहीये मला. जेवले, पोट भरलं, झोप आलीय. मुंगीला घेऊन जा बाहेर. आणि परत विचारू नकोस. मी सांगणार नाही.